गरम चाकांवर पाणी

८ जानेवारी

परत तेच. अंबडच्या अलीकडे उसाची ट्रॉली आडवी आली, ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. पायाखाली पेडलही धडधडतं, थंडीताप भरलेल्या माणसासारखं. आषाढात मेकॅनिक रफिकने पुढच्या चाकांच्या दोन्ही ब्रेक-डिस्क लेथवर घासून दिल्या होत्या. "मॅडम, आता मक्खन." मक्खन दिवाळीपर्यंत टिकलं.

घरी पोचते तोच दिलीपचा फोन. अक्काला वापीला नेतो म्हणाला, कायमचं. महाशिवरात्र झाली की. शेत ठोक्याने कसायला दिलं, घराला कुलूप लावायचं. "मावशी, आमच्याकडे लिफ्ट आहे." म्हणजे प्रश्नच मिटला. तुझ्या आईला विचारलंस का, तर म्हणे ती हो म्हणाली. अक्का जन्मात कशाला नाही म्हणाली आहे? हे तिच्या मुलालाही माहीत आहे, तिच्या बहिणीलाही.

माझी मागची खोली रिकामी आहे. तिला पूर्वेची खिडकी. अंगणात उतरायला एकच पायरी. अक्काला सांगायचं आहे की माझ्याकडे राहा. कालही फोनवर सांगणारच होते. तोंडातून निघालं ते असं की रेशनचं केवायसी केलंस का.

९ जाने.

इथे जालन्यातच, अंबड चौफुलीला, रफिकच्या गॅरेजात. त्याने एक चक्कर मारून आणली आणि निदान केलं. "लेडीज लोक ब्रेकवर पाय ठेवूनच चालवत्यात. डिस्क तापणार न्हाई तर काय होणार."

मी गाडी शिकले तेव्हा हा दुधाच्या बाटलीवर असेल. तसं सांगितलंही. हसला. याला कसली लाजच नाही, आणि त्यामुळे त्याच्याशी भांडायला बरं वाटतं.

म्हणे परत लेथवर घासू. मी म्हटलं, एकदा घासल्या, आता त्या पातळ झाल्या. किती पातळ चालते ते डिस्कच्या कडेवर कोरलेलं असतं, वाच. वाचायला चष्मा नव्हता त्याच्याकडे. माझा दिला. मग म्हणे बराबर आहे, पण डावी ठीक आहे, एकच बदलू. चप्पल एकाच पायाची घेतोस का, विचारलं. तेव्हा कुठे दोन्हीसाठी संभाजीनगरला फोन लावला.

गाडीचं मॅन्युअल मी अथपासून इतिपर्यंत वाचलं आहे. बोर्डिंगातल्या सिस्टर सांगायच्या, जी वस्तू वापरता तिचं पुस्तक वाचा. गावात बाकी कुणी वाचलेलं दिसत नाही.

११ जाने.

अक्काचा फोन. तिची एकच इच्छा: वापीला जायच्या आधी एकदा माहेरी. भोकरदनच्या पुढे आमचं गाव, तिथे आता आपलं म्हणावं असं कुणी नाही. पण देवी आहे. "एकदा वटी भरून येऊ बाई. मंग कुठंबी नेवो."

एसटीने दोन ठिकाणी उतरून चढायचं, तिला बस लागते, गुडघे पायरीला येत नाहीत. मी म्हटलं, माझ्या गाडीने जाऊ. "तुझी गाडी तर थरथर करून राह्यली म्हणलीस." होईल नीट, म्हटलं.

ठरवलं. तेव्हाच विचारायचं. बंद गाडीत ती उठून चुलीकडे जाऊ शकणार नाही. आणि मला रस्त्याकडे बघत बोलता येईल. समोर बघून मला ते जमणार नाही.

१४ जाने., संक्रांत

कॉलनीत हळदीकुंकू. लग्न न केलेल्या बाईचं काय करावं हे यांना अजून ठरवता आलेलं नाही. बोलवत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टिकचा डबा पाठवून देतात. माझ्याकडे आता अशा डब्यांचं दुकान झालं आहे.

दुपारी स्टँडवर. अक्काने घनसावंगीच्या गाडीच्या कंडक्टरजवळ गाठोडं दिलं होतं. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, तीळगूळ, खेंगटाची मिसळ भाजी. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता, "बेबी कोण हाय? बेबी?" बियाण्याच्या प्रयोगशाळेतून वरिष्ठ विश्लेषक म्हणून निवृत्त झालेल्या बाईने भर स्टँडवर हात वर केला. कंडक्टरने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग गाठोडं दिलं.

भाकरी गार झाली होती तरी उभ्यानेच खाल्ली.

बेबी म्हणणारं आता एकच माणूस उरलं आहे.

१७ जाने.

डिस्क आल्या. चुकीच्या. खालच्या मॉडेलच्या पाठवल्या, बोटभर लहान. रफिक म्हणतो, "बसवून बघू का?" मी नुसतं बघितलं. त्याने परत खोक्यात भरल्या.

यातच आठवडा जाणार. फेब्रुवारी काय थांबून राहतो का.

२१ जाने.

झालं एकदाचं. सकाळपासून गॅरेजात स्टुलावर बसून होते. रफिक दोनदा म्हणाला, मॅडम घरी जा, फोन करतो. मी दोनदा म्हटलं, नाही.

गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं. डिस्कला चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर बोल्ट सोडून तारेने वर टांगला. ते बरं केलं. नाहीतर हे लोक ब्रेकच्या नळीवरच लोंबकळत सोडतात. जुनी डिस्क हबला, म्हणजे चाकाच्या तुंब्याला, गंजून चिकटली होती, हातोडीने ठोकून निघाली. खाली पडली तेव्हा देवळातल्या घंटेसारखा आवाज झाला. पृष्ठभागावर निळसर डाग. एवढी जाड बिडाची थाळी, हिला वाकायला झालं तरी काय, कळेना.

मग गंजलेल्या हबवरच तो नवीन डिस्क बसवायला निघाला. थांब म्हटलं. खाली गंजाचा खवला राहिला तर नवी डिस्क तिरकी फिरणार, परत थरथर. आधी तारेच्या ब्रशने हब घास. "मॅडम, इतकं कोणी करत न्हाई." कुणी करत नाही म्हणूनच लोक परत परत येतात, आणि तुझं दुकान चालतं. यावर तो मनापासून हसला आणि घासायला बसला. नव्या डिस्कला कंपनीचं तेल लावलेलं असतं, तेही पुसायला लावलं. पॅडही नवीन.

दोन्ही बाजू होईपर्यंत उन्हं कलली. नवी डिस्क चाकाच्या फटींतून ताटासारखी लखलखते. येताना उगाच वळसा घालून मोंढ्यावरून आले.

२२ जाने.

नवीन ब्रेक रुळायला लागतात. जोरात दाबायचे नाहीत, हलके हलके. म्हणून राजूरपर्यंत जाऊन आले. रस्ता मोकळा, दोन्हीकडे हरभरा. दाबलं की गाडी निमूट थांबते. हाताला काही कळत नाही.

येताना शेजारच्या सीटकडे सारखं लक्ष जात होतं. तिथे माझी पर्स होती.

अक्काला हुरड्याची ज्वारी दाखवली असती. तिने नक्कीच नावं ठेवली असती, आमच्याकडची ज्वारी बघ म्हणाली असती. तिचं "आमच्याकडे" म्हणजे सासर. माझं "आमच्याकडे" म्हणजे कुठलं, हे मला कधी नीट ठरवता आलं नाही.

२६ जाने.

झेंडावंदन करून थेट अक्काकडे. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या, नवे गतिरोधक, सारखं ब्रेकवर. पण काय थांबते गाडी. खुशीत होते. काच खाली घेतली होती, ऊन चांगलं होतं.

अक्का नेहमीप्रमाणे अंगणात, कमरेवर भरलेली कळशी. मी गाडीतून उतरायच्या आधी पाणी, हा तिचा नेम. आधी उजव्या चाकावर ओतलं, मग डाव्या. तांब्याने नाही, अख्खी कळशी.

आणि आज ऐकू आलं. एरवी काच बंद असते. चर्रर्र. तापल्या तव्यावर पाणी पडावं तसं. चाकाच्या फटींतून वाफ निघाली.

एका क्षणात सगळं कळलं. जुन्या डिस्क का वाकल्या, लेथवर घासून परत का वाकल्या. दर वेळी इथेच.

मी उतरून काय बोलले ते तसंच्या तसं लिहून ठेवते: "अक्का, काय केलंस हे? कालपरवा बसवलेल्या नव्या डिस्क आहेत. तापलेल्या लोखंडावर कुणी गार पाणी ओततं का? हा शुद्ध अडाणीपणा आहे."

शेजारची कौसल्या कुंपणावर गोधडी वाळत घालत होती. ती थांबली.

अक्काने कळशीत वाकून पाहिलं, काही उरलं आहे का बघावं तसं. "बरं बाई. न्हाई टाकत आता."

जेवायला वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी. दुसरी भाकरी वाढली नाही. घेतेस का असं विचारलंही नाही. आजवर तिच्या घरात मी ताटावर आडवा हात धरल्याशिवाय सुटले नव्हते.

भोकरदनचा विषय मी काढला नाही, तिने काढला नाही. उन्हं असतानाच निघाले.

२७ जाने.

बिडाचं लोखंड तापलेलं असताना एका बाजूने एकदम गार झालं की वाकतं. हे शास्त्र आहे. माझ्या मनाचं काही नाही. कुणीतरी तिला सांगायलाच हवं होतं. आणि मी सांगितलं नाही तर कोण सांगणार, दिलीप? त्याला गाडीत पेट्रोल कुठून भरतात एवढंच माहीत.

शब्द जरा

राहू दे.

काल येताना अंबडच्या उतारावर पायाला किंचित धडधड जाणवली. किंवा जाणवेल म्हणून वाट बघत होते.

२८ जाने.

झोप नीट नाही. सकाळी चहा करताना बैलगाडी आठवली.

आई गेली तेव्हा मी दुसरीत. दुसऱ्याच वर्षी अक्काचं लग्न झालं, आणि मामांनी मला औरंगाबादच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात ठेवलं. सुट्टी लागली की इतर मुलींना न्यायला आया यायच्या. मला एसटीत बसवून द्यायचे. घनसावंगीला उतरायचं, तिथे अक्काचे यजमान, आमचे दाजी, बैलगाडी घेऊन उभे. पायात पांढरे मोजे, केसांना रिबीन, आणि मी पेंढ्यावर बसून अक्काच्या सासरी.

आमच्या घरी लांबून कुणी आलं की आई गाडीच्या चाकांवर पाणी टाकायची. अक्काच्या सासरी ते फक्त नव्या नवरीसाठी. अक्का डोक्यावर पदर घेऊन कळशी घेऊन आली. सासू दारात. "कोण नवी नवरी आली का?" अक्का विशीतलीही नव्हती. वर न बघता म्हणाली, "माझी बहीण आली," आणि ओतलं.

तेव्हापासून बैलगाडी, मग माझी लूना, मग स्कूटर, आता ही. लूनावर असताना माझे मोजे भिजायचे, तेव्हाही मी चिडायचे. ती हसायची.

सगळ्या जगात एकाच दारात माझ्या येण्याला पाणी पडतं. तिथे मी काल परवा

३० जाने.

अक्का फोन उचलत नाही. दोनदा केला. तिला मोबाईल उचलता येतो, चांगला येतो. मीच शिकवला.

संध्याकाळी दिलीपचा आला. "मावशी, आई म्हणते भोकरदनचं राहू द्या. बेबीच्या गाडीला कशाला तरास." तो हे वाक्य सहज सांगून गेला, जणू हवामान सांगतोय. वर म्हणे, बरंच झालं, तिच्या गुडघ्यांना प्रवास नकोच. म्हणजे जालना ते भोकरदन नको आणि वापी चालेल. यांच्या भूगोलाला काय म्हणावं.

तिला माहेरी जायचं होतं. माझ्यामुळे नको म्हणाली.

१ फेब्रु.

रफिककडे. पुढची चाकं उचलून त्याने एकेक चाक काढलं, डिस्क हाताने फिरवली, स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्याजवळ धरून कान लावला. उजवी साफ. डावी फिरताना एका जागी किंचित टेकते, स्स् असं. "थोडं हाय. चलेगा मॅडम. परत पाणी पडलं न्हाई तर काही होत न्हाई."

त्याला कारण सांगितलं. नावं न घेता, म्हटलं, नातेवाईक आहेत, चाकांवर पाणी टाकतात. तो हसायला लागला. त्याच्या अम्मीही टाकतात म्हणे, तो संभाजीनगरहून आला की.

"मग तू काय बोलतोस त्यांना?"

"काय न्हाई बोलत."

"आणि डिस्क?"

"मेकॅनिक घरचाच हाय ना मॅडम."

घरचा मेकॅनिक नसलेल्या लोकांनी काय करायचं, हे काही त्याने सांगितलं नाही. येताना मात्र मीच विचार केला. चूक पाण्यात नाही. पाणी पडतं त्या वेळेत आहे. हे इतकं सरळ आहे की आधी सुचलं नाही याचा राग आला.

४ फेब्रु.

न कळवता गेले. गावाच्या अलीकडे कालव्याच्या पुलापाशी बाभळीखाली गाडी उभी केली, आणि थांबले. मोटरसायकलवरचा एकजण वळून आला. "बंद पडली का मावशी?" नाही, चाकं निवताहेत, म्हटलं. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग हळूच निघून गेला. गावात आता काय काय पसरलं असेल ते पसरो.

चाकाला हात लावून बघत होते अधूनमधून. कोमट. मग गार.

अंगणात गाडी घेतली. अक्का सुपात तूर पाखडत होती. उठली नाही. "आलीस का. उतर."

मी उतरले नाही.

"उतर की."

म्हटलं, पाणी टाक.

"न्हाई टाकत म्हणले ना."

मग मी बसते इथेच, म्हटलं. काच खाली करून बसले. कौसल्या आली, कुंपणाला टेकून उभी राहिली. दोन कोंबड्या गाडीखाली गेल्या. अक्का आत गेली, बाहेर आली, परत सूप घेऊन बसली. आमच्या वयाच्या दोन बाया अशा बसलेल्या, सिस्टरांनी बघितलं असतं तर काय म्हणाल्या असत्या.

मग ती बोलली. माझ्याकडे न बघता, तुरीकडे बघत.

"वापीला गाड्या तळघरात लावत्यात म्हणे. मी सातव्या मजल्यावर. कोण आलं, कोण गेलं, ते लिफ्टलाच ठावं. मी कशावर टाकू पाणी?"

इथेच बोलायला हवं होतं. माझ्याकडे राहा, माझ्या अंगणात टाक. इतरांना बोलताना जीभ कशी सुटते.

मी म्हटलं, "चाकं गार करून आणलीत. हात लावून बघ."

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवत आली. चाकावर तळवा ठेवला, ताप बघावा तसा. मग दुसऱ्या चाकावर. आत गेली आणि कळशी भरून घेऊन आली.

कसलाही आवाज झाला नाही. पाणी फटींतून खाली वाहून गेलं, कोंबड्या ओरडत पळाल्या. मी उतरले.

दोन भाकरी. तिसरीला हात आडवा धरला, तो तिने बाजूला सारला.

रविवारी भोकरदन. मी म्हटलं नाही, तिनेच म्हटलं.

९ फेब्रु., रविवार

सगळं आजच लिहून ठेवते.

अंधार असतानाच जालन्याहून निघून तिला घेतलं. अक्का पुढच्या सीटवर, मांडीवर ओटीची पिशवी: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. सीटबेल्ट लावून घ्यायला तयार नव्हती. "बैलाला बी दावं सैल बांधत्यात." लावला.

राजूरला गाडीतूनच हात जोडले. पुढची ज्वारी बघितली, आमच्याकडची चांगली म्हणाली. मी मनात म्हटलं, आलं.

गावात कुणी ओळखलं नाही. शाळेची इमारत नवीन, आमच्या घराच्या जागी मोबाईलचं दुकान. अक्काला वाईट वाटेल म्हणून मी तिच्याकडे बघितलं. ती दुकानदाराला विचारत होती, तुझी आई कोणत्या गावची. पाच मिनिटांत त्याच्या मामाची सोयरीक आमच्या मामांपर्यंत नेऊन पोचवली. त्याने तिला खुर्ची दिली. मला नाही दिली.

मग देवीपाशी गेलो. ओटी भरली, आणि तिथेच बसून राहिली, पदराने दगडाची पायरी पुसत. नंतर म्हणाली, "मायला सांगितलं, म्हणलं बेबीनं आणलं." एवढंच.

परत येताना ऊन डोळ्यांवर. राजूर मागे पडलं. रस्त्याकडे बघत म्हटलं, "माझी मागची खोली रिकामीच आहे."

"मंग भाड्यानं दे की."

थोड्या वेळाने म्हटलं, पूर्वेची खिडकी आहे तिला.

"कुणाला बी देऊ नको. बिडी वढणारा तर बिलकुल नको."

तिला कळलं नव्हतं की कळूनच बोलत होती, मला आजही सांगता येणार नाही. आयुष्यभर मी तिला भोळी समजत आले.

समोर अचानक ट्रॅक्टर वळला. दाबून ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी, न थरथरता. ओटीतले उरलेले तांदूळ तेवढे तिच्या मांडीवरून सांडले. ती ते वेचत असताना मी म्हटलं, "अक्का, तू माझ्याकडे राहा. वापीला नको जाऊस."

तांदूळ वेचून झाले. पिशवीची गाठ मारून झाली. जालना दिसायला लागलं, स्टील मिलची धुराडी. काही नाही. मला वाटलं संपलं.

चौफुलीवर मी अंबडच्या रस्त्याला वळायला लागले तेव्हा म्हणाली, "आता कुठं तिकडं जातीस. पाय भरून आले. आज हितंच टेकू."

१० फेब्रु.

उठले तर मागच्या खोलीतली खाट खिडकीखाली सरकवलेली. एकटीने. या गुडघ्यांनी. विचारलं तर म्हणे डोळ्यावर ऊन यायलं होतं, म्हणून. ऊन खिडकीतूनच येतं, हे तिला सांगितलं नाही.

स्वयंपाकघराचा ताबा गेला. मिठाच्या बरणीला पाणी सुटलंय, तव्याला कान नाही, एवढं शिकून डाळ डब्यात का पिशवीत ठेवायची कळत नाही. सकाळपासून ऐकते आहे. माझ्या घरात इतकं कुणी बोललेलं नाही.

पण राहते असं म्हणालेली नाही. पिशवी बांधलेलीच आहे, दाराजवळ.

नऊला तिचा मोबाईल वाजला. दिलीप. त्याला रजा लवकर मिळाली, महाशिवरात्रीपर्यंत थांबत नाही, याच शनिवारी येतो. अक्का नेहमीसारखी हो हो म्हणत ऐकत होती. मी दारात उभी. मला वाटलं, झालं, हिने हो म्हटलं. मग ती म्हणाली, "मावशीला बोलायचंय तुझ्यासंगं. तुझी जेवणाची सुट्टी झाली की कर."

फोन ठेवला. मी म्हटलं, मला? मी काय बोलू?

"ते तू ठरव. तू शिकलेली."

ते लागायचं तिथे लागलं.

"पण अक्का, तुला राहायचंय का, ते तरी सांग."

ती मेथीची जुडी सोडत होती. "इंग्रजीत बोल त्याच्यासंगं. मंग ऐकतो तो. आपल्या बोलीत बोललं की हसण्यावारी नेतो."

तेव्हापासून इथे टेबलाशी बसले आहे. आयुष्यभर इंग्रजीत अहवाल लिहिले, किती बियाणं रुजलं, किती नाही. मोठमोठ्या बियाणेवाल्यांना एका वाक्यात नापास केलं. आज पहिलं वाक्य जुळत नाही. आईच्या जागी जी राहिली तिला इंग्रजीत काय म्हणतात? "सिस्टर" तर बोर्डिंगातल्या कितीतरी होत्या.

आणि तिला खरंच राहायचं नसेल तर? माझं मन राखायला एक रात्र टेकली असेल तर? मग मी फोनवर जे काही बोलेन ते तिच्या तोंडी घातलेलं माझंच बोलणं असेल. दिलीपनेही हेच केलं, मी त्याला नावं ठेवली.

विचारावं परत. पण तिने दोनदा विचारू दिलं आहे, तिसऱ्यांदा नाही विचारत.

एक वाजायला आला. अक्का ओसरीवर मेथी निवडते आहे. केव्हाची तीच जुडी.

फोन वाजतोय. तिने मेथी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.